भुरीचं दुखणं

लोटननं बाजाराच्या पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी ताणून धरलं आणि बेबाबाईनं भुरीला मागच्या पायांकडून आत सोडलं. भुरी आत गेली, पण लगेच पुढचे पाय काठावर रोवून, मान बाहेर काढून ओरडायला लागली. तिचा आवाज पूर्वी असा नव्हता. पूर्वी ती मागायची तेव्हाही जरा आब राखून मागायची. आता घरात कुणी तिला आठ दिवस उपाशी कोंडलंय असं शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटावं, असा गळा काढायची.

“आत्ताच खाल्लंस ना गं,” बेबाबाई तिला म्हणाली. “दूध-भाकर खाल्ली, वर बोंबील खाल्ला.”

“बांध आधी,” लोटन म्हणाला. “डोकं तेवढं बाहेर राहू दे.”

बेबाबाईनं पिशवीच्या दोन्ही बंदांत जुन्या लुगड्याची चिंधी ओवली आणि सैलशी गाठ मारली. त्या एवढ्याशा गाठीला तिला बराच वेळ लागला. बोटं हल्ली चटकन वळत नसत. लोटननं पिशवी उचलली. हाताला वजन म्हणून काही लागतच नव्हतं. भाजी आणतानासुद्धा पिशवी याहून जड लागायची.

भुरी पंधरा वर्षांची होती. लोटन तायडे वरणगावच्या फॅक्टरीत दरबान होता, तेव्हा एका उन्हाळ्यात त्याच्या क्वार्टरच्या मागच्या पायरीवर हे पिल्लू येऊन बसलं होतं. पुढं मुलगी लग्न होऊन सुरतेला गेली, लोटन निवृत्त झाला, आणि दोघं नवराबायको धुळ्याला, देवपुरात, बेबाबाईच्या माहेरच्या माणसांजवळ घर बांधून राहायला आली. तेव्हा ज्यानं त्यानं सांगितलं, मांजर नेऊ नका. मांजराचा जीव जागेत असतो, चार दिवसांत निघून जाईल. भुरी ट्रकमध्ये गाद्यांच्या गठ्ठ्यावर बसून आली, तिनं नवं घर कोपरान्‌कोपरा हुंगून काढलं आणि बेबाबाईच्या मांडीवर जाऊन झोपली. तेव्हापासून बेबाबाईला तिचं काय कौतुक! जागा सोडून माणसामागं आली, हे तिनं देवपुरात भेटेल त्या माणसाला सांगितलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी भिकनची रिक्षा उभी होती.

“जयभीम, नाना,” भिकन म्हणाला. मग त्यानं पिशवीकडं पाहिलं. “सोडायला चालले का लांब कुठं?”

“दवाखान्यात,” लोटन म्हणाला.

भिकननं मागं वळून एकदा बेबाबाईकडं पाहिलं, एकदा भुरीकडं पाहिलं. हसू दाबून त्यानं रिक्षा सुरू केली, आणि खड्डा आला की वेग कमी करत राहिला.

दुखणं सुरू झालं दिवाळीच्या सुमाराला. आधी ते दुखणं आहे असं कुणाला वाटलंच नाही. भुरी खायला लागली, एवढंच. दूध संपवायची, भाकरी संपवायची, लोटनच्या ताटाशी येऊन बसायची, आणि शेजारच्या शेवंताबाईकडं जाऊन तिथंही ताट पुसून यायची. एवढं खाऊन तिच्या अंगाला काही लागेना. पाठीचा कणा हाताला टोचायला लागला. केस राठ झाले, डोळे मोठे दिसायला लागले. रात्री घरभर ओरडत फिरायची, दाराला पंजे मारायची, वाटी वाटी पाणी प्यायची. शेवंताबाईनं मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. बेबाबाईचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, पण तिनं ओवाळू दिलं. ओळखीच्या कंपाउंडरनं जंतांचं औषध दिलं. जंत पडले नाहीत. भुरी मात्र खाल्लेलं ओकून टाकायला लागली आणि ओकल्यावर पुन्हा वाटीपाशी येऊन उभी राहायला लागली.

लोटनचा खरा घोर वेगळाच होता. भुरीबरोबर बेबाही खचत चालली होती. चेहरा सुजल्यासारखा झाला होता, आवाज घोगरा झाला होता. भर दुपारी उन्हात बसली तरी अंगावरची शाल काढत नसे. बोलता बोलता गप्प व्हायची, चुलीपाशी बसल्या बसल्या पेंगायची. त्यानं मनाशी हिशेब मांडला होता: वय आहे, थंडी आहे, त्यात ते मांजर रात्र रात्र झोपू देत नाही, आणि त्याच्या काळजीनं हिनं अंथरूण धरायचं तेवढं बाकी ठेवलंय. भुरी जगली तर ही उठेल. भुरी गेली तर ही तिच्यामागं किती दिवस काढेल, ते त्याला सांगता येत नव्हतं. म्हणून तर जो माणूस जन्मात कधी मांजर घेऊन गुरांच्या दवाखान्यात जायचा नाही, तो आज चालला होता.

बाकी बेबाच्या तब्येतीत त्यानं हयगय केली नव्हती, असं त्याचं त्याला वाटत होतं. धुळ्याला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात ती अशीच सुस्तावली होती. त्या वेळी मात्र ते खरं दुखणं निघालं. तिच्या धाकट्या बहिणीनं, पार्वताबाईनं, तिला ओढून डॉक्टरकडं नेलं, रक्त तपासलं, आणि थायरॉईड निघाला. डॉक्टर चांगला समजावून सांगणारा होता. बाई, चुलीत लाकडं आहेत पण जाळ धरत नाही, असं झालंय तुमच्या अंगाचं, म्हणाला. ही गोळी म्हणजे फुंकणी, जन्मभर घ्यायची. दोन महिन्यांत बेबा खडखडीत उभी राहिली.

तेव्हापासून गोळीचं खातं लोटनकडं होतं. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, तो कपाटातून बाटली काढायचा, एक गोळी तिच्या तळहातावर ठेवायचा, तांब्या पुढं करायचा आणि ती पाणी पिईपर्यंत समोर उभा राहायचा. गोळीनंतर अर्धा तास पोटात काही जायचं नाही. त्या अर्ध्या तासात बेबा मागच्या दारी जाऊन भुरीला दूध-भाकरी कुस्करून द्यायची. तिचा जुना नेमच होता तो, घरात कुणाच्याही तोंडात घास जायच्या आधी भुरीच्या तोंडात जायचा. लोटन चहा होईपर्यंत पेपर वाचत बसायचा.

गुरांच्या दवाखान्यात कडुलिंबाखाली शेळ्या, पाय आखडलेला एक बैल आणि आपापसांत बोलणारी माणसं होती. पिशवीतून मांजराचं डोकं बाहेर आलेलं पाहून बोलणं थांबलं.

“मांजर आणलं का?” शेळीवाल्यानं विचारलं.

“हो,” लोटन म्हणाला.

“काय दूध देते का?”

आजूबाजूचे हसले. लोटनलाही एरवी हसू आलं असतं. बेबाबाई मात्र हसली नाही, रागावलीही नाही. ओट्यावर बसून तिनं शाल ओढून घेतली आणि भुरीच्या कपाळावरून अंगठा फिरवत राहिली. मग शेळीवाला आपणहून म्हणाला, “जा बाई तुम्ही आधी. माझी काय, नुसती सुई टोचायची.”

डॉक्टरीणबाई बागूल तरुण होती, नुकतीच बदलून आली होती. एवढ्यात तिच्यासमोर गायी-म्हशींशिवाय काही आलं नसावं, कारण पिशवी पाहिल्यावर ती चक्क खूश झाली. तिनं टेबलावर पोतं अंथरलं, दार लावून घेतलं आणि भुरीला हळूच बाहेर काढलं.

“वय काय हिचं?”

“पंधरा,” लोटन म्हणाला.

“खाते?”

“खाऊन पुन्हा मागते.”

“पाणी? ओकते? रात्रीची ओरडते?”

लोटन प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत गेला. डॉक्टरीणबाईनं नळी कानाला लावून भुरीच्या छातीवर धरली आणि बराच वेळ ऐकत राहिली. मग नळी काढून दोन बोटांनी भुरीचा गळा वरून खाली चाचपला. पुन्हा वरून खाली चाचपला.

“ठोके मोजता येत नाहीत, इतके भराभर पडताहेत,” ती म्हणाली. “मी स्वतः असं मांजर पाहिलेलं नाही हं, आधीच सांगते. शिकत असताना वाचलंय फक्त. म्हाताऱ्या मांजरांना होतं. थायरॉईड म्हणतात. माणसांना असतो, तसाच.”

लोटनचा चेहरा एकदम मोकळा झाला. इतक्या दिवसांनी दुखण्याला नाव मिळालं होतं, आणि तेही घरातलंच, ओळखीचं.

“अहो, मग हिलाही तेच आहे की,” त्यानं बेबाबाईकडं हात केला. “दोन वर्षं झाली. गोळी चालू आहे. काही भ्यायचं कारण नाही बेबा, तुझंच दुखणं लागलं तिला.”

बेबाबाईनं मान वर केली नाही.

“आजींचा कोणता?” डॉक्टरीणबाईनं विचारलं. “वाढलेला, की कमी झालेला?”

“थायरॉईड,” लोटन म्हणाला.

“त्यात दोन प्रकार असतात, नाना. एकात अंग मंद पडतं, सूज येते, झोप येते. दुसऱ्यात सगळं नको तेवढं पळायला लागतं. आजींचा मंदावलेला असणार. हिचं तर इंजिन सुटलंय.” ती बोलता बोलता थांबली आणि तिनं तिसऱ्यांदा भुरीचा गळा चाचपला. “एकच कळत नाही. तो वाढलेला असला तर गळ्यात बारीकशी गाठ हाताला लागते म्हणतात. हिच्या गळ्यात काहीच लागत नाही मला. आजींच्या गोळ्या कुठं असतात घरात? हिच्या तोंडाला लागण्यासारख्या?”

“शक्यच नाही,” लोटन म्हणाला. “कपाटात असतात, किल्ली माझ्याकडं. रोज मी स्वतः हातावर ठेवतो, माझ्यासमोर घेते ती. चुकून एक खाली पडलेली नाही आजवर.”

बेबाबाईचा हात भुरीच्या पाठीवर होता. तो इतका वेळ मानेपासून शेपटीपर्यंत फिरत होता. तो थांबला.

“गोळी बंद केली,” ती म्हणाली, “तर वाचेल ना ती?”

बाहेर बैल शिंगानं दार घासत होता. लोटनला वाटलं, बेबा स्वतःच्याच गोळीबद्दल विचारतेय. तो समजावायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याला डॉक्टरीणबाईचा चेहरा दिसला आणि त्याचं तोंड तसंच राहिलं.

“कधीपासून देताय, आजी?” डॉक्टरीणबाईनं अगदी हळू विचारलं.

“पोळ्यापासून. आधी अर्धी द्यायची. दिवाळीपासून अख्खी.”

“म्हणजे दिवाळीपासून तुम्ही स्वतः घेतच नाही?”

बेबाबाईनं नुसती मान हलवली.

डॉक्टरीणबाई रागावली नाही. तिनं भुरीला उचलून पुन्हा पिशवीत घातलं आणि चिंधीची गाठ स्वतः बांधली. गोळी आजपासून बंद, बाकी काही औषध नको, म्हणाली. काळजाला दमवलंय तिच्या, पण दोन-तीन आठवड्यांत ठोके खाली यायला हवेत; नाही आले तर पुन्हा घेऊन या, माणसांच्या लॅबमध्ये रक्त देऊन बघू. मग तिनं बेबाबाईचं पाऊल हातात घेतलं, नडगीवर अंगठा दाबला आणि सोडला. चेहऱ्याकडं नीट पाहिलं.

“मी गुरांची डॉक्टर आहे, आजी,” ती म्हणाली. “माणसांचं मी बोलू नये. पण तुम्ही आजच्या आज तुमच्या डॉक्टरांना दाखवा. उद्यावर टाकू नका.”

बाहेर कडुलिंबाखाली शेळीवाल्यानं विचारलं, काय म्हणाली हो बाई. लोटननं त्याला काहीतरी उत्तर दिलं, काय दिलं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. भिकन चहा प्यायला गेला होता. दोघं रिकाम्या रिक्षेपाशी उभी राहिली.

लोटनला राग आला होता. असा राग त्याला कित्येक वर्षांत आला नव्हता. आणि रागाच्याही वर लाज होती. तीस वर्षं त्यानं फॅक्टरीच्या गेटवर माणसं तपासली होती. आत दारूगोळ्याचं काम, काडी न् विडी आत जाता कामा नये. कामगार एकेक हिकमती लढवायचे. गालात धरलेली तंबाखूची गोळी तो माणसाच्या नुसत्या ‘नमस्कार साहेब’वरून ओळखायचा. वरणगावात त्याच्या नजरेची ख्याती होती. आणि स्वतःच्या घरात, हातभर अंतरावरून, गोळी निसटली होती.

“कुठं धरायचीस?” त्यानं विचारलं.

“जिभेखाली.”

“आणि पाणी?”

“पाणी प्यायचं ना वरून. राहते ती जिभेखाली. लगेच विरघळत नाही.”

हे ती इतक्या साधेपणानं म्हणाली की त्याला पुढं ओरडता येईना. त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. भुरी ओरडायची थांबून शेळ्यांकडं टक लावून बघत होती.

“पण का, बेबा? मला सांगायचं होतंस. दुसरी बाटली आणली असती मी.”

“आणली असती?” बेबाबाई म्हणाली. “मांजरासाठी?”

आणली नसती, हे दोघांनाही माहीत होतं.

बेबाबाई रिक्षेच्या पायरीवर टेकली. उभं राहणं तिला जड जात होतं.

“पावसाळ्यात ती झोपूनच असायची,” ती सांगायला लागली. “उन्हात ठेवली तरी अंग गार. ओट्यावर उडी मारायची नाही. हाक मारली तर कान हलवायची, बस. मी तुम्हाला म्हटलं, हिला काहीतरी होतंय. तुम्ही म्हणालात, वय झालं तिचं.”

“झालंच होतं.”

“मला पण तसंच म्हणाला होतात. मी अशीच झोपून असायची तेव्हा. पार्वता आली नसती तर ‘वय झालं’ म्हणता म्हणताच गेले असते मी.” तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. कालच्या भाजीबद्दल बोलावं तसं ती बोलत होती. “माझं वय नव्हतं, दुखणं होतं. मग तिचं वयच आहे हे कशावरून? आणि गुण आला की तिला. दसऱ्याला कपाटावर चढली. तुम्हीच म्हणालात, म्हातारीची पोरगी झाली.”

म्हणाला होता तो. हसला होता, आणि शेवंताबाईला बोलावून दाखवली होती कपाटावरची भुरी.

“मग वाळायला लागली,” बेबाबाई म्हणाली. “मला वाटलं, अर्धी पुरत नाही तिला.”

भिकन पानटपरीकडून तोंड पुसत येताना दिसला. लोटननं त्याला हातानंच जरा थांब म्हणून खुणावलं. आता त्याचा राग उतरला होता आणि त्याच्या जागी नुसती भीती उरली होती. तो वाकून बेबाच्या तोंडाशी आला.

“आणि तू? तुझं अंग असं सुजत चाललं, दिसत नव्हतं का तुला? उद्या तुला काही झालं असतं म्हणजे?”

इतकी वर्षं वरणगावच्या क्वार्टरमध्ये राहून बेबाबाई चारचौघांत शहरी बोलायला शिकली होती. माहेरची बोली ती घरात फक्त दोघांशी बोलायची, भुरीशी, आणि कधीमधी लोटनशी. तिनं त्याच्याकडं पाहिलं ते थोड्या नवलानंच, एवढं साधं याला कसं कळत नाही, असं.

“माले तुम्ही शेत ना,” ती म्हणाली. “तिले कोन शे?”

लोटन सरळ उभा राहिला. तिला तो होता; भुरीला कोण होतं? दिवाळीपासून रोज सकाळी तो तिच्या समोर हातभर अंतरावर उभा राहिला होता. ती शाल त्यानंच ट्रंकेतून काढून दिली होती. आवाज बसला तेव्हा, बरं झालं, आता भांडणार नाहीस, अशी थट्टा त्यानंच केली होती. आणि या सबंध काळात ती निर्धास्त होती, की आपल्याला काही झालं तर यांच्या लक्षात येईलच.

भिकननं रिक्षा सुरू केली. “काय नाना, देवपूर?”

“नाही,” लोटन म्हणाला. “आधी हिच्या डॉक्टरकडं.”

“आधी भुरीला घरी सोडू,” बेबाबाई म्हणाली. “दमली ती.”

“येईल आपल्याबरोबर. मी धरतो तिला.”

त्यानं बेबाला हात देऊन आत बसवलं, स्वतः शेजारी बसला आणि पिशवी मांडीवर घेतली. रिक्षा पुलावर आली. खाली पांझरेत पाणी नावालाच होतं, वाळूत कुणीतरी धुणं वाळत घातलं होतं. बेबाचं डोकं पेंगून त्याच्या खांद्याला टेकलं. तिचा हात अजून त्याच्या हातातच राहिला होता. तो गार होता. किती दिवसांपासून गार होता, हे डॉक्टरनं विचारलं तर काय सांगायचं, ते त्याला आठवेना.